इंजिनाची किंमत आणि इंजिन बदलण्याचा खर्च

एप्रिल सरत आला की मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एकच चौकशी सुरू होते: "पंधराचं मशीन कितीला पडतं?" म्हणजे होडीच्या पाठीवर बाहेरून अडकवायचं 15 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. डीलर एक आकडा सांगतो. तो घरी सांगितला जातो आणि पतसंस्थेत तेवढ्याच रकमेचा अर्ज जातो. मग इंजिन येतं, मिस्त्री येतो, जुनं इंजिन उतरवलं जातं आणि मागची फळी उघडी पडते. तिथून पुढचे पैसे कुणीच धरलेले नसतात.

डीलरने सांगितली ती किंमत, खोक्यातल्या वस्तूची. खर्च म्हणजे ती वस्तू तुमच्या होडीवर बसून, माणसं आणि सामान भरून खाडीच्या तोंडातून बाहेर पडून सुखरूप परत येईपर्यंत खिशातून जाणारी सगळी रक्कम. नव्या होडीवर या दोन आकड्यांत फारसं अंतर नसतं. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या फायबर होडीवर मात्र ते इतकं वाढू शकतं की हिशेबच वेगळा मांडावा लागतो. तो मांडायला डीलरच्या कोटेशनपासून सुरुवात करू नये, होडीपासून करावी.

होडीत पहिला मान मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला. इंजिनाचं सगळं वजन आणि पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, सगळा रेटा तिथे येतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फायबर होड्यांत ही फळी आतून प्लायवूडची असते आणि दोन्ही बाजूंनी फायबरचा थर असतो. बाहेरून ती कितीही गुळगुळीत दिसली तरी बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलेलं असतं.

तपासायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. जुनं इंजिन अजून बसलेलं असतानाच ते वर उचला, खालचा पाय धरून हलकेच वर-खाली करा आणि सोबतच्या माणसाला फळीची वरची कड पाहायला सांगा. कड जरा जरी हलली, फायबरला केसासारख्या चिरा दिसल्या, तर फळी आतून गेली आहे असं समजावं. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर टकटक करत जावं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. शेवटी सर्वांत खालचा एक बोल्ट काढून त्या भोकात तार घाला. तार कोरडी आली तर ठीक. चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, किंवा तारेला लाकडाचा काळा भुसा लागला, तर नवं इंजिन त्या फळीवर चढवू नका. नव्या इंजिनाचा रेटा जुन्याहून ताजा असतो, आणि भर समुद्रात फळी सुटली तर इंजिनाबरोबर होडीची पाठही जाते. यात माणसं बुडतात, म्हणून हे इतकं लांबवून सांगतो आहे.

फळी बदलायची म्हणजे आतल्या बाजूचा फायबर कापायचा, ओलं प्लाय खरवडून काढायचं, पोकळी पूर्ण वाळू द्यायची, मग नवं मरीन प्लाय रेझिनमध्ये बसवून वर फायबरच्या मॅटचे थर द्यायचे आणि दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या तळाशी बांधून घ्यायच्या. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, छाप बघूनच घ्यावं. "वॉटरप्रूफ आहे" एवढ्या बोलण्यावर फर्निचरचं प्लाय इथे खपवलं जातं. साहित्यापेक्षा मजुरी जास्त लागते आणि मजुरीपेक्षा दिवस. पॉलिएस्टर रेझिन दमट हवेत नीट धरत नाही, ओल्या लाकडाला तर चिकटतच नाही. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते, म्हणून काम त्या दोन महिन्यांवर ढकलण्याची सवय आहे. इंजिनाच्या कामाला ते चालेल, फायबरच्या कामाला कोकणातला जून-जुलै सर्वांत वाईट. फळीचं काम मे महिन्याच्या उन्हात उरकून मगच होडी झापांनी शाकारावी.

आता वजन. "पंधराच्या जागी पंधरा" असं म्हणताना आपण अश्वशक्ती जुळवतो, किलो जुळवत नाही. यामाहाचं 15 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) 36 ते 40 किलोंच्या घरात असतं, तर त्याच कंपनीचं त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायचं) 50 किलोंच्या वर जातं. चाळीस अश्वशक्तीच्या मापात यामाहाचं एंड्युरो टू-स्ट्रोक साधारण 70 ते 75 किलो, फोर-स्ट्रोक 95 च्या आसपास. त्यात जुनं इंजिन दोरीने ओढून सुरू होणारं असेल आणि नवं सेल्फ-स्टार्टचं, तर बॅटरीचे आणखी पंधरा-वीस किलो. हे सगळं होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा साचा टू-स्ट्रोकच्या वजनाला धरून बनलेला असतो. तिथे तीस-चाळीस किलो जादा बसले की पाठ खाली बसते, पाणी निघायची भोकं पाण्याच्या पातळीला येतात आणि मागून येणारी लाट आत येऊ लागते. मग बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवावी लागते, त्यासाठी लांब वायर, लांब पाइप, नवा कप्पा. कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं.

म्हणून फोर-स्ट्रोक घेऊ नये असं मी म्हणणार नाही. कार्बोरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, न जळताच बाहेर पडतो. तो जातो पाण्यात, ज्या पाण्यातून आपण मासे काढतो त्याच. शिवाय ऑइल मिसळायचं: 50 ला 1 या प्रमाणात लिटरमागे 20 मिली. दिवसाला 20 लिटर जाळणाऱ्या होडीला रोज 400 मिली टू-टी ऑइल लागतं. फोर-स्ट्रोकला तेच दीड-दोन लिटर ऑइल 100 तास पुरतं. पेट्रोल शंभरीपार असताना रोज पर्यटक फिरवणाऱ्या होडीचा फोर-स्ट्रोकसाठी घातलेला जादा पैसा इंधनातून परत येतो. आठवड्यातून दोनदा जाळ्याला जाणाऱ्याचा तो कधी परत येईल हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय ठरवू नये. अशा माणसाला हलकं, वाळूवरून दोघांना उचलता येणारं, गावातल्या मिस्त्रीला उघडता येणारं टू-स्ट्रोक आजही सोयीचं पडतं.

शाफ्टच्या लांबीचं थोडक्यात. इंजिनाचा पाय 15, 20 किंवा 25 इंचांचा येतो. इंजिन जिथे अडकतं त्या कडेपासून खाली होडीच्या तळापर्यंत टेप लावा आणि तो आकडा घेऊनच दुकानात जा. उंच फळीवर आखूड पाय बसला तर पंखा हवा खातो आणि थंड पाणी ओढायची जाळी उघडी पडून इंजिन तापतं. उलट झालं तर पाय नको तितका खोल जातो, आणि कर्ली नदीच्या मुखाशी किंवा देवबागच्या संगमाजवळ वाळूचे पट्टे सरकत असतात तिथे ते पंख्याला आणि गिअरला महागात पडतं. जुन्या होड्यांत कुणीतरी मधेच फळी कापून किंवा वाढवून ठेवलेली असते, त्यामुळे आधीच्या इंजिनाच्या मापावर विसंबू नये.

बाकीची जुळवाजुळव होडीत बसून चालवायची की मागे हँडल धरून, यावर आहे. हँडलचं इंजिन असेल तर काम एका दिवसाचं. स्टिअरिंग आणि रिमोट असेल तर एका कंपनीचा कंट्रोल बॉक्स आणि केबल दुसऱ्या कंपनीला सहसा चालत नाहीत, वायरिंगचा जुडगा आणि मीटर तर नाहीच. पेट्रोलच्या पाइपचं टोकही प्रत्येक कंपनीचं वेगळं. मोठ्या इंजिनांसोबत पंखा येतोच असंही नाही. पंखा आला तरी तो तुमच्या होडीचा असेलच असं नाही: पूर्ण भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन मॅन्युअलमधल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात आलं पाहिजे. कमी फेऱ्या मिळाल्या तर कमी पिचचा पंखा घ्यायचा; पिच म्हणजे एका फेरीत पंखा पुढे सरकेल ते अंतर. पिचचा एक इंच म्हणजे मिनिटाला साधारण 150 ते 200 फेऱ्यांचा फरक. ही चाचणी रिकाम्या होडीत करून देणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे परत पाठवावं. जुनी भोकं नव्या ब्रॅकेटला जुळली नाहीत तर ती इपॉक्सीने भरून घ्यायची आणि नवी पाडून प्रत्येक बोल्टला मरीन सीलंट लावायचा. खिडकीचं सिलिकॉन तिथे चालत नाही.

आणि टाकी. हा भाग मला सर्वांत कळकळीने सांगायचा आहे, कारण इथे चांगली इंजिनं उगाच भंगारात जातात. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता जवळजवळ सगळीकडे तेच मिळतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 10 टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, अर्धी भरलेली टाकी झाकणाच्या भोकातून श्वास घेत पावसाळाभर पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. सप्टेंबरमध्ये पहिला ओढा तोच कार्बोरेटरमध्ये जातो. इंजिन सुरू होत नाही, झालं तर झटके देतं, आणि मालक म्हणतो, "मशीन संपलं." जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलने आतून सोलतात आणि ते काळे कण कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये, अडकतात.

तेव्हा नव्या इंजिनाचा विचार करण्याआधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर रोग तिथेच आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सिलिंडरच्या आकड्यांत 10 टक्क्यांच्या आतला फरक असेल तर आतलं बरं आहे, आणि नळी, फिल्टर, इंपेलर (थंड पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक), कार्बोरेटरची सफाई एवढ्यावर आणखी काही हंगाम निघू शकतात. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल, किंवा खाऱ्या पाण्याने थंड पाण्याचे मार्ग आतून खाऊन टाकले असतील, तर मात्र जुन्यात पैसे घालू नयेत. नवं घेतलंत तर त्याला नवी नळी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच. तो इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. होडी उभी करताना टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावं, कूलिंगचं गोडं पाणी चालू ठेवून.

दर विचारताना डीलरकडे फक्त इंजिनाचा आकडा मागू नका. होडीचा फोटो, फळीचं माप, आत्ताच्या इंजिनाचं वजन आणि टाकीची जागा दाखवून "होडी पाण्यात चालवून देईपर्यंत" असा लेखी दर मागा. पंखा, केबल, बॅटरी, फिल्टर, बसवायची मजुरी आणि वाहतूक ओळीने लिहून घ्या. फायबरवाल्याचा दर वेगळा घ्या. दोन्ही आकडे हातात आले की मगच पतसंस्थेत जा. फळीही गेली असेल आणि तळालाही फायबरचे थर सुटलेले असतील, तर त्या होडीवर नवं इंजिन चढवण्याऐवजी चांगल्या अवस्थेतली वापरलेली होडी इंजिनासकट शोधणं स्वस्त पडण्याचा पुष्कळ संभव असतो.

नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती असते. इंजिन बदललं की मासेमारी होडीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, प्रवासी होडीसाठी मेरीटाईम बोर्डाकडे ती नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. जुनं इंजिन भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. त्याचा गिअरचा भाग, ब्रॅकेट आणि कव्हर सुटं विकलं तर त्याच मॉडेलवाला कुणीतरी जवळपासच्या बंदरात शोधतच असतो. नव्याचे पहिले 10 तास थ्रॉटल दाबून धरू नका आणि 20 तासांची पहिली सर्व्हिस चुकवू नका. त्या सर्व्हिसचे पैसे इंजिन घेतानाच बाजूला काढून ठेवा.