मागितला स्लॅशर, दिला जाल्लो

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक डीव्हीडी लायब्ररी होती, तिथं मी कॉलेज करत करत संध्याकाळी काउंटरवर बसायचो. २००५-०६ ची गोष्ट. ५०० रुपये डिपॉझिट, रात्रीला २० रुपये भाडं, रजिस्टरात नाव आणि सही, आणि डिस्कवर ओरखडा दिसला की भांडण (मग टूथपेस्ट लावून घासायचं आणि तीच डिस्क दुसऱ्याला द्यायची, हे आज कबूल करतो). धंदा सगळा नव्या हिंदी पिक्चरांवर चालायचा, खरं मागं एक लोखंडी कपाट होतं. आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी जरा सवय करून घ्या. तर त्या कपाटात मालकांचा भाचा दुबईहून आणायचा ते इटालियन, जपानी, कोरियन, कमी पैशात काढलेले अमेरिकन, असले कुणी न नेणारे पिक्चर, आणि त्या कपाटाचा मंत्री मी.

एकदा इंजिनिअरिंगचा एक पोरगा आला. "मर्डरचा पिच्चर दे की गा, हातात सुरी घेऊन एकेकाला गाठून मारतंय बघ, तसला." मी मोठ्या तोऱ्यात त्याला इटालियन पिक्चर काढून दिला. कव्हरवर सुरी, किंचाळणारी बाई, काळे हातमोजे, अजून काय पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यानं डिस्क काउंटरवर आपटली. "अर्धा पिच्चर तो माणूस नुसता आठवत बसलाय की गा! काय बघितलं, काय बघितलं, म्हणत. मारतंय कधी?"

चूक माझी होती. त्यानं मागितला होता स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्याचा पिक्चर, आणि मी दिला होता जाल्लो, म्हणजे खुनाचं इटालियन रहस्य, आणि ह्या दोघांत गफलत करणारा मी एकटा नाही, आजसुद्धा ओटीटीवर दोन्ही एकाच रांगेत लावलेले असतात.

आधी नावाचं बघू. जाल्लो म्हणजे इटालियनमध्ये पिवळा. १९२९ साली मोंदादोरी नावाच्या मिलानच्या प्रकाशकानं पिवळ्या कव्हरच्या रहस्यकथा काढायला सुरुवात केली, बरीचशी इंग्रजीवरून भाषांतर केलेली, आणि त्या इतक्या खपल्या की रहस्यकथा म्हटलं की 'पिवळी' असंच पडलं तिकडं. आपल्याकडं पिवळं पुस्तक म्हटलं की काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे, एका गिऱ्हाइकाला मी नावाचा अर्थ सांगितला तर त्याचा चेहराच उजळला आणि मग त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. सांगायचं काय तर इटालियन माणसाला सरळसाधी चहा पीत पीत सोडवलेली खुनाची गोष्टसुद्धा जाल्लोच. बाहेरच्या जगात मात्र हा शब्द एका ठराविक जातीच्या पिक्चरला चिकटला, १९६०-७० च्या दशकातल्या इटलीतल्या.

ती जात सुरू केली मारियो बाव्हा ह्या इटालियन दिग्दर्शकानं. १९६३ साली त्यानं रोममध्ये आलेल्या एका अमेरिकन पोरीची गोष्ट काढली, पोरगी रहस्यकथा वाचणारी, आणि पहिल्याच रात्री तिच्या डोळ्यांदेखत खून. पुढच्याच वर्षी फॅशन हाऊसमधल्या मॉडेल एकामागून एक मरतात असा पिक्चर, त्यात खुनी म्हणजे टोपी, लांब कोट, आणि तोंडावर पांढरं फडकं ताणल्यासारखा मास्क. मग १९७० मध्ये दारियो अर्जेंतोचा पहिला पिक्चर आला, आणि त्यातला एक सीन बघितला की जाल्लो म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रोममध्ये एक अमेरिकन लेखक रात्री चालत चाललाय. रस्त्यापलीकडं एक आर्ट गॅलरी, सगळी काचेची, आत पांढराशुभ्र उजेड, आणि आत एक बाई आणि काळ्या कपड्यातला कुणीतरी, झटापट. हा धावतो, पहिल्या काचेच्या दारातून आत शिरतो तर पुढचं काचेचं दार बंद, आणि मागचंही लागतं. दोन काचांच्या मध्ये हा अडकून उभा. बाई रक्तात पडलीय, मदत मागतीय, हा बघतोय, आवाज नाही, काही करता येत नाही. आणि नंतर पिक्चरभर त्याला वाटत राहतं की त्या सीनमध्ये काहीतरी बसत नव्हतं, काहीतरी बघितलंय खरं ध्यानात येत नाही. तुम्हीपण त्याच्याबरोबर तेच बघितलेलं असतं. अर्जेंतोनं काही लपवलेलं नाही, समोर ठेवलंय, आणि तरी चुकतं.

जाल्लोचा जीव इथं आहे. खून कुणी केला हा प्रश्न असतोच, खरं त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो की मी बघितलं ते नक्की काय होतं. म्हणून हिरो बहुतेक वेळा परगावचा, लेखक, वाजवणारा, चित्रकार असला काहीतरी, पोलीस नावाला असतात, आणि हाच वेड्यासारखा शोधत फिरतो. गाव मोठं असतं, जिने, फ्लॅट, गॅलऱ्या, भारी कपडे. खुन्याचे फक्त हातमोजे दिसतात, आणि अर्जेंतोच्या पिक्चरमध्ये ते हात बऱ्याचदा खुद्द अर्जेंतोचेच असायचे. शेवटी मोजे उतरतात तेव्हा आत माणूसच निघतो, भूत नाही.

एका काकांनी असला पिक्चर परत करताना मला म्हटलेलं, "आमच्या गल्लीत असं झालं असतं तर चहा व्हायच्या आत सगळ्यांस्नी कळलं असतं कोण ते." बरोबर आहे. जाल्लोला एकमेकाला न ओळखणारे शेजारी लागतात.

आता स्लॅशर. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन', १९७८. तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये काढलेला, कुठल्या मोठ्या स्टुडिओचा नाही, म्हणजे पक्का इंडिपेंडंट पिक्चर. ह्यात खुनी कोण हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, कॅमेरा त्याच्याच डोळ्यांतून घरात शिरतो, जिना चढतो, खून होतो, आणि मास्क काढला की आत सहा वर्षांचं पोरगं. संपलं रहस्य. नंतर तो मोठा होऊन वेड्यांच्या हॉस्पिटलातून पळून गावात येतो आणि पुढं दीड तास एकच प्रश्न, आता तो कुठं उभा आहे आणि ह्यातलं कोण वाचणार. त्याचा तो पांढरा मास्क म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मास्क, फवारा मारून पांढरा केलेला. म्युझिक कार्पेंटरचं स्वतःचं, पाच मात्रांत फिरणारं, त्यामुळं पायानं ठेका धरायला गेलं की सम सापडत नाही आणि जीव उगाच खालीवर होतो.

स्लॅशरला तारीख लागते. हॅलोवीन, ख्रिसमस, शुक्रवार १३ तारीख, कॉलेजचा डान्स, आपल्या जत्रेसारखं काहीतरी निमित्त, आणि छोटं गाव किंवा तळ्याकाठचा कॅम्प, आणि घरात मोठं माणूस नसलेली पोरं. (हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री आमच्या चन्नम्मा सर्कलला दुसऱ्या दिवशीच्या कर्नाटक राज्योत्सवाची वेगळीच गर्दी असते, तो विषय आज नको.) तपास कुणी करत नाही, पोरांना मुळात माहीतच नसतं की काही चाललंय. शेवटी एक पोरगी उरते, तिला 'फायनल गर्ल' हे नाव कॅरल क्लोव्हर ह्या बाईंनी १९८७ च्या एका लेखात दिलं आणि ते कायमचं चिकटलं. आणि स्लॅशरला भूत चालतं. 'नाईटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला, १९८४ पासून स्वप्नात येऊन मारणारा जळक्या तोंडाचा तो माणूस मेलेलाच आहे, कुणी तक्रार केली नाही. जाल्लोत असलं केलं तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल, कारण इतका वेळ डोकं चालवलं ते कशाला मग?

ह्याच कारणासाठी 'सस्पिरिया' (१९७७) जाल्लो नव्हे. अर्जेंतोचा आहे, लालभडक आहे, हातसुद्धा दिसतात, खरं आत चेटकिणी आहेत. मी स्वतः किती वर्षं जाल्लो म्हणून दिलाय लोकांना.

हे झालं दोन टोकांचं, मधली भानगड वेगळी आहे. १९७१ मध्ये त्याच बाव्हानं एका खाडीकाठच्या जागेवरून खून पडतात असा पिक्चर काढला. वाटणीचं भांडण! वारस एकमेकाला संपवत सुटलेत, जमिनीच्या उताऱ्यावर शेवटी कुणाचं नाव राहतंय एवढंच बघायचं. हा पिक्चर मी ज्याला ज्याला दिला त्याला कळला, खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणाच्या घरात असली केस नाही सांगा. त्यात मध्येच चार तरणी पोरं नुसती मजा करायला येतात आणि फुकट मरतात, त्यांचा जमिनीशी काही संबंध नाही. तो तुकडा बघितला की वाटतं पुढचे सगळे अमेरिकन स्लॅशर इथूनच निघाले. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात, १९८१ च्या, पलंगावरच्या दोघांना एकाच भाल्यानं मारलंय, ते बाव्हाच्या पिक्चरमध्ये दहा वर्षं आधीच होऊन गेलंय.

म्हणून कव्हर बघून ओळखायला जाऊ नका. मास्क दोन्हीकडं आहे, सुरी दोन्हीकडं आहे, 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पहिल्या भागात (१९८०) खुनी शेवटपर्यंत लपवलेला आहे आणि तरी तो स्लॅशरच, कारण आत कुणी शोधतच नाही. 'स्क्रीम' (१९९६) मध्ये तर पोरं शोधतातसुद्धा, तो अर्धा तिकडं अर्धा इकडं. नावावरून मात्र थोडं कळतं. नावात प्राणी किंवा आकडा असला, पाखरू, मांजर, चार माशा, तर बहुतेक इटालियन, कारण अर्जेंतोचा पहिला, नावात पाखरू असलेला, चालला आणि मागनं सगळ्यांनी प्राणिसंग्रहालयच उघडलं.

पुढं पुढं गिऱ्हाइकाला मी एकच विचारायला लागलो, पिक्चर एकटा बघणार का पोरांबरोबर? रूमवर पाच-सहा जण जमणार असतील तर स्लॅशर. ओरडायला, 'मागं बघ की गं' म्हणायला, मध्ये उठून ऑम्लेट करायला तो बरा, काही चुकत नाही. एकटा बघणाराला जाल्लो, दिवे बंद करून, आणि मध्ये मोबाईल नको, कारण जे चुकवाल तेच नेमकं लागणार असतं. डोळे झाकून बघणाऱ्याला दोन्ही नको, त्याला मी कोरियन काहीतरी द्यायचो आणि तो जास्तच घाबरून यायचा.

जाल्लो भाड्यानं घेताना एक बघा, पिक्चर किती मिनिटांचा आहे ते. 'डीप रेड' (१९७५) इटालियन कट दोन तास सात मिनिटांच्या आसपास आहे आणि बाहेर पाठवलेला कट पावणेदोन तासांचा. कापलं काय तर जास्त करून पियानो वाजवणारा हिरो आणि ती पत्रकार बाई ह्यांची थट्टामस्करी, म्हणजे पिक्चरमधला श्वास घ्यायला ठेवलेला भागच. मोठा घ्या. इंग्लिश ऑडिओ लावला तर कापलेल्या जागी मध्येच दोघं इटालियन बोलायला लागतात, कारण त्या सीनचं इंग्लिश डबिंग मिळतच नाही. पुण्यामुंबईचे लोक ह्याला वैतागतात म्हणे. बेळगावात घरात मराठी, दुकानात कन्नड, कॅम्पात हिंदी, मध्येच भाषा बदलली तर आम्हाला जाणवतसुद्धा नाही. एका हुबळीच्या गिऱ्हाइकाला मी हे आधी सांगायला विसरलो होतो, तर तो परत देताना "छलो ऐत्री" (चांगला आहे) एवढंच म्हणाला. तसंही त्या काळातले इटालियन पिक्चर शूटिंगच्या वेळी आवाज न घेताच काढायचे, नट आपापल्या भाषेत बोलायचे, नंतर सगळंच डब, त्यामुळं 'ओरिजिनल भाषेत बघा' हा हट्ट इथं फारसा लागू नाही.

आता भाडं म्हणजे बहुतेक ॲपवर ३० दिवसांत कधीही सुरू करा आणि सुरू केला की ४८ तास. डिपॉझिट नाही, टूथपेस्ट नाही, विचारायला काउंटरवर कुणी नाही.

लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकांनी कपाटातल्या उरलेल्या डिस्क मला दिल्या. त्यात 'डीप रेड' नव्हती. रजिस्टरात ती मराठा रेजिमेंटल सेंटरच्या एका साहेबांच्या नावावर होती, त्यांची बदली झाली आणि डिस्क आलीच नाही, डिपॉझिट मालकांनी ठेवून घेतलं. मला स्वच्छ आठवतं, पाऊस होता, त्यांनी ते कव्हर रेनकोटच्या आतल्या खिशात घातलं, मी डोळ्यांनी बघितलं. कितीतरी वर्षं मी त्या माणसाला चोर समजत होतो.

लॉकडाऊनमध्ये घर आवरताना 'हॅलोवीन'चं कव्हर उघडलं तर आत 'डीप रेड'. डिस्का अदलाबदल करून ठेवणारा मीच, दुसरं कोण. म्हणजे साहेबांनी नेली ती 'हॅलोवीन'. सुरुवातीलाच भोपळा आणि नाव येतं की पडद्यावर, खरं जेवता जेवता लावली असणार. मग आठवलं, त्याच रात्री दुकान बंद करताना त्यांचा फोन आलेला. "भाई, इसमें वो पियानोवाला कब आता है?" आणि मी शटर ओढता ओढता सांगितलेलं, "आएगा साब, स्लो पिक्चर है, देखते रहो."