हृदयातली चोरवाट

लहान मुलाचा ईसीजी काढायला सांगितला की आईवडिलांच्या तोंडचं पाणी पळतं. ईसीजी म्हणजे हार्ट अटॅक, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं! मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर त्या कागदावर बरेचदा एक चोरवाट शोधत असतात.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जायला विजेला एकच राजमार्ग असतो, एव्ही नोड. तिथे ती सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळते, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ढकलतात. बाकी सगळीकडे झडपांभोवतीचं तंतुमय कडं वीज अडवतं. काही मुलांत या कड्याला ओलांडणारा स्नायूचा बारीक धागा जन्मापासूनच असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० साली वर्णन केलेला विकार तो हाच. या धाग्यातून वीज न थांबता खाली उतरते, पण पुढे तिला स्नायूतूनच हळूहळू पसरावं लागतं. म्हणून ईसीजीतल्या उंच टोकाच्या पायथ्याशी तिरका चढ दिसतो. ही डेल्टा लहर.

खरी गंमत पुढे आहे. ही लहर वर जाते की खाली, यावरून चोरवाट हृदयात कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. वीज इलेक्ट्रोडकडे, म्हणजे अंगावर लावलेल्या वीज टिपणाऱ्या तुकड्याकडे, येत असेल तर रेघ वर जाते, लांब जात असेल तर खाली. व्ही-१ हा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला लावतात. हृदयाची डावी बाजू मागे असते, त्यामुळे वाट डावीकडे असेल तर वीज पुढे, व्ही-१च्या दिशेने येते आणि तिथे डेल्टा वर उठते. उजवीकडची वाट असेल तर बहुधा उलट. ईसीजीतल्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या रेघा हृदयाकडे पायाकडून पाहतात. तिथे डेल्टा खाली गेली तर वाट मागच्या-खालच्या भागात, हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या पडद्याजवळ असण्याचा संभव जास्त. मनगटावरचं घड्याळही ईसीजी काढतं म्हणून हुरळू नये. ते एकाच कोनातून पाहतं, त्यावरून जागा कशी सांगणार?

मुलांत हे गणित अडखळतं. जागा ओळखण्याचे बहुतेक ठोकताळे मोठ्यांच्या ईसीजीवरून बसवलेले. तान्ह्या बाळात उजवा कप्पा वरचढ असतो, त्यामुळे त्याचा ईसीजी मुळातच वेगळा दिसतो. शिवाय मुलांचा एव्ही नोड चपळ, म्हणजे वीज दोन्ही वाटांनी जवळपास एकदमच पोचते आणि डेल्टा जेमतेम दिसते. एब्स्टाइन या हृदयाच्या उजव्या झडपेच्या जन्मजात विकारात तर वाटा एकाहून अधिक असू शकतात. नेमकी जागा शेवटी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात घालूनच ठरते.

तरी आधीचा अंदाज मोलाचा, कारण चोरवाट बंद करायची तर कॅथेटरनेच ती जाळतात किंवा गोठवतात. वाट एव्ही नोडला चिकटून असेल तर उष्णतेने जाळताना राजमार्गच तुटण्याचा धोका असतो. तिथे गोठवण्याची पद्धत बरी पडते, कारण गारठा कमी असतानाच थांबलं तर झालेला परिणाम सहसा मागे फिरतो.