तापा आणि पिंचो : फरक काडीचा

स्पेनच्या समुद्रकिनारी एखाद्या झकपक रेस्तराँमध्ये बसलात आणि मेन्यूवर एका रकान्यात ‘तापास’ आणि दुसऱ्यात ‘पिंचोस’ दिसले, की बहुतेक जण ‘दोन्ही म्हणजे छोट्या बश्यांतलं खाणं’ असं समजून मोकळे होतात. बशी दोन्हीकडे छोटीच असते, म्हणून तिच्यावरून काहीच कळत नाही. बघायचं ते हे, की पदार्थ कशाच्या जोडीने येतो आणि त्याचे वाटेकरी किती.

तापा (अनेकवचन तापास) म्हणजे मुळात झाकण. ‘तापार’ या क्रियापदाचा अर्थ झाकणे. कादिसच्या किनाऱ्यावर वारा सुटला होता, राजाच्या वाइनमध्ये वाळू उडू नये म्हणून वाढप्याने पेल्यावर हॅमचा काप ठेवला आणि राजाने पुढचा पेला ‘झाकणासकट’ मागवला, अशी दंतकथा आहे. हा राजा म्हणजे तेरावा अल्फोन्सो. तापाचं श्रेय दहाव्या अल्फोन्सोला देणारी गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. दोघांच्या मध्ये सहाशे वर्षं आहेत, तेव्हा यातलं काय किती मनावर घ्यायचं ते आपण ठरवावं.

पण झाकण हा शब्द नेमका आहे, कारण तापा पेल्याच्या आधाराने जगतो. तो तोंडी लावायला असतो. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा, खाएन, अल्मेरिया इथे आजही बिअर मागवली की तापा फुकट येतो, आणि बरेचदा काय येणार हे बारवालाच ठरवतो. किनाऱ्यावरच्या उंची रेस्तराँमध्ये ही चैन सहसा नसते. तिथे तापा विकत, आणि त्याचे थोरले भाऊही मेन्यूवर हजर: मेदिया रासिओन म्हणजे अर्धी बशी, रासिओन म्हणजे पूर्ण. खरी फसगत इथे होते. ‘तापासच तर आहेत’ म्हणून दोघांनी सहा पदार्थ सांगायचे आणि समोर सहा भरलेल्या रासिओन याव्यात: क्रोकेता म्हणजे तळलेले मऊ गोळे, पातातास ब्राव्हास म्हणजे तिखट सॉसमधले तळलेले बटाटे, लसणीच्या तेलात अजून चुरचुरणारी कोळंबी. आकार विचारून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

पिंचो उत्तरेचा, बास्क प्रांतातला. ‘पिंचार’ म्हणजे टोचणे. बास्क लोक त्याचं स्पेलिंग वेगळं करतात आणि त्याबद्दल हळवेही असतात. देवनागरीत मात्र तो वाद आपोआप मिटतो, कारण उच्चार एकच. सॅन सेबास्तियनच्या जुन्या शहरात, ला कोंचा किनाऱ्यापासून चार पावलांवर, बारच्या काउंटरवर पिंचोंच्या थाळ्या मांडलेल्या असतात. पावाचा काप, वर काहीतरी, आणि सगळं धरून ठेवणारी काडी. काही बारमध्ये बिल त्या काड्या मोजूनच होतं.

आद्य पिंचो मानतात तो हिल्दा. एका काडीवर हिरवं ऑलिव्ह, खारवलेल्या अँचोव्हीची घडी आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या लांबट हिरव्या मिरच्या, पावही नाही. सगळं एकदम तोंडात घालायचं. आधी खारट, मग आंबट, आणि गिळताना जरासा तिखट. नाव पडलं ते 1946च्या ‘गिल्डा’ (स्पॅनिश उच्चारात हिल्दा) सिनेमातल्या रिटा हेवर्थच्या भूमिकेवरून: तीही हिरवी, खारट आणि थोडी तिखट. स्पॅनिशमध्ये हिरव्याचा अर्थ चावट असाही होतो, आणि मराठीत ‘हिरवट म्हातारा’ म्हणताना आपण तरी वेगळं काय करतो!

काडीवरही फार विसंबू नये. रेड वाइनमध्ये शिजवलेला गालफडाच्या मांसाचा मऊ तुकडा छोट्या बशीत, काडीविना येतो, तरी तो पिंचोच. असे गरम पिंचो काउंटरवर नसतात; भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले असतात आणि सांगितल्यावर आतून बनून येतात. नवखा माणूस काउंटरवरूनच ताट भरून घेतो आणि चांगलं ते हुकवतो. स्थानिक लोक एक पिंचो, एक छोटा पेला, बहुधा उंचावरून ओतलेली चाकोली वाइन, एवढं उभ्यानेच संपवून पुढच्या बारकडे सरकतात. आणखी एक गोंधळ: माद्रिदमध्ये ‘पिंचो दे तोर्तिया’ मागितलात तर बटाट्याच्या आम्लेटचा त्रिकोणी तुकडा येईल. बास्क परंपरेशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

किनाऱ्यावरच्या त्या रेस्तराँमध्ये मेन्यूवर विश्वास ठेवण्यापेक्षा वाढप्याच्या हाताकडे बघावं. बशी टेबलाच्या मधोमध ठेवून त्याने दोन काटे दिले, तर तापा. तुमच्याच पुढ्यात ठेवून तो निघून गेला, तर पिंचो; आणि मग शेजारच्याने त्यात हात घातला तर तुम्ही रागावू शकता.