सराफाच्या दारातलं घड्याळ

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात जोसेफ जेसप या जवाहिऱ्याने १९०७ साली आपल्या दुकानाबाहेर एक घड्याळ उभं केलं. उंची २२ फूट, तबकड्या २०. त्यातल्या १२ तबकड्या वेगवेगळ्या देशांची वेळ दाखवत. ऐकायला अचाट वाटतं, पण देशोदेशीची वेळ दाखवणं हा यातला सोपा भाग. सगळीकडचे काटे एकाच वेगाने फिरतात. फक्त सुरुवातीला ते मागेपुढे लावून ठेवायचे. खरी कसरत असते ती मूळ घड्याळ बिनचूक चालवण्याची.

आणि ते चुकून चालणार नव्हतं. त्या काळी खिशातली घड्याळं बहुधा जवाहिऱ्याकडे मिळत, दुरुस्तही तिथे होत. येणारे-जाणारे त्याच्या दारातल्या घड्याळावर आपलं घड्याळ लावून घेत. तेच मागे पडलं, तर हा आपलं काय दुरुस्त करणार, असं गिऱ्हाईक म्हणणारच!

बरं, बिनचूक वेळ म्हणजे तरी कोणती? १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. तोवर गावोगावी सूर्य माथ्यावर आला की बारा. सॅन डिएगो साधारण ११७.२ अंश पश्चिम रेखांशावर आहे आणि तिथली प्रमाणवेळ १२० अंश रेखांशावरून ठरवलेली. दर अंशाला चार मिनिटं धरली, तर घड्याळात बारा वाजण्याच्या सरासरी ११ मिनिटं आधीच सूर्य माथ्यावर येऊन गेलेला असतो. (आपल्या मुंबईने तर ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.)

लोलकाच्या घड्याळाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणारा लोलक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा दांडा पोलादी असेल, तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर तो जेमतेम ०.१२ मिलिमीटर लांबतो. म्हणजे कागदाच्या जाडीएवढा. पण लोलक लांबला की झोका मंदावतो, आणि तेवढ्याने घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडतं. असं घड्याळ नागपुरात थंडीत नीट लावून ठेवलं आणि मे महिन्यात पारा ३० अंशांनी चढला, तर दिवसाला १५ सेकंद, महिन्याला साडेसात मिनिटं गेली!

यावरचा जुना उपाय मला फार आवडतो. लोलकाच्या टोकाला पाऱ्याने भरलेली बरणी लावायची. उन्हाने दांडा खाली लांबतो, पण पारा बरणीत वर चढतो. पाऱ्याचं प्रमाण नेमकं साधलं, की दोन्हींची वजाबाकी होऊन झोक्याची लय तीच राहते. विज्ञान शाळेतलंच, पण पारा किती घ्यायचा हे ठरवण्यात कारागिराचा कस लागतो.

मोठ्या काट्यांचं स्वतःचं वजनही त्रास देतं. म्हणून काट्याच्या मागच्या टोकाला भार देऊन तो तोलतात, नाहीतर मिनिटकाटा चढताना रडतो आणि उतरताना धावतो.

जेसपचं घड्याळ क्लॉड लेजर या कारागिराने घडवलं. १९३५ मध्ये तो वारला तेव्हा घड्याळही थांबलं, असं सॅन डिएगोत सांगतात. ते पुन्हा चालू झालं, पुढे हॉर्टन प्लाझा या बाजारसंकुलात गेलं आणि २०१९ मध्ये सुटं करून तिथून हलवण्यात आलं.