रिकाम्या बोटीच्या वजनाचा फसवा हिशेब

पिकअपची ओढण्याची क्षमता ३,५०० किलो आणि माहितीपत्रकात बोट २,६०० किलोची, तेव्हा निर्धास्त निघावे, हा अमेरिकेतील बोटमालकांमध्ये रूढ असलेला समज चुकीचा आहे. तो आकडा बहुधा रिकाम्या बोटीचा असतो. त्यात ट्रेलरचे ६०० किलो, ३०० लिटर पेट्रोलचे सुमारे २२० किलो आणि नांगर, बॅटऱ्या, बर्फाची पेटी यांचे १५० किलो मिळवले, की बेरीज ३,५७० वर जाते. शिवाय ट्रेलरच्या दांड्याचा भार, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण १० टक्के, पिकअपच्या मागच्या बाजूवर येतो आणि माणसे व सामान यांच्या मर्यादेतूनच वजा होतो. (हे विकणारा क्वचितच सांगतो.) दांड्याचा भार हलका करण्यासाठी ट्रेलरवर बोट मागे सरकवणे तर अधिकच धोक्याचे, कारण ट्रेलर वेगात डोलू लागतो.