पीपी नंबरापासून ओटीपीपर्यंत

ठाण्यातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर फोन नंबराशेजारी ‘पीपी’ असं छापलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. निरोप आला की त्यांचा मुलगा गॅलरीतून हाक मारायचा आणि चाळीतला माणूस हातातलं काम टाकून धावत सुटायचा. स्वतःच्या फोनसाठी अर्ज केला, तरी नंबर लागायला वर्षं जायची. ‘डिजिटल दरी’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण कुणाकडे फोन आहे नि कुणाकडे नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक असायचं.

१९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने देशी टेलिफोन एक्स्चेंज बनू लागली. १९८६ मध्ये मुंबईबरोबर ठाणे-नवी मुंबईचे फोन एमटीएनएल या सरकारी कंपनीकडे गेले. मग नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की तिथे रांगा लागत. बरेच बूथ अपंग व्यक्तींना मिळाले होते. मला या बूथचं मोल वाटतं ते तिथे बसणाऱ्या माणसामुळे. अक्षरओळख नसलेली बाई चिठोऱ्यावरचा नंबर पुढे करायची, तो कोड शोधून नंबर लावून द्यायचा, आणि ती गावाकडच्या आईशी बोलायची.

१९९५ मध्ये जुलैअखेर मोबाइल आणि १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं इंटरनेट आलं. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले. आज ऐरोली-महापे-रबाळेत मोठमोठी डेटा सेंटर आहेत. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला, की आता दरी बुजली असंच वाटू लागलं.

ती बुजलेली नाही, हे २०२१ च्या मे महिन्यात कळलं. १८ ते ४४ वयोगटाला कोविडच्या लसीसाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली. शहरातल्या चपळ बोटांनी ठाणे-पालघरच्या ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि गावातली माणसं स्वतःच्याच आरोग्य केंद्राबाहेर ताटकळली. ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही तेव्हा सरकारला विचारला.

१७ मे हा जागतिक दूरसंचार आणि माहिती समाज दिन. १८६५ मध्ये याच दिवशी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तार संघटना स्थापन झाली. जनजागृतीचे फलक त्या दिवशी लागतात. पण फलक वाचता येणाऱ्याला त्याची गरज कमीच असते. गरज आहे ती शेजारी बसून शिकवणाऱ्याची.

नवी मुंबईतल्या दिघ्यात, एका झेरॉक्सच्या दुकानात धुणीभांडी करणाऱ्या मावशी ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायला, आल्या होत्या. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा महाप्याला कामावर, फोन लॉकरमध्ये. दुकानातला पोरगा सांगत होता, “मावशी, ओटीपी दहाच मिनिटं चालतो.” त्यांनी पदराच्या गाठीतली घडी केलेली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. “हा घे ना नंबर, तूच लाव.”