पार्श्वभूमी : पीजे आणि ‘लाइट’ या शब्दाचा घोळ

पाचोरा-जामनेर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, करण्याचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतो, ‘ती लाइट रेल्वे होती हो, तिचं काय एवढं?’ तोट्याच्या आकड्यांनी पीजेचे, म्हणजे खान्देशातल्या पाचोरा-जामनेर या अरुंद रुळांच्या गाडीचे, जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त या एका शब्दाने केले असे माझे मत आहे. म्हणून गाडीच्या आधी हा शब्द सोडवून घेऊ.

इंग्लंडमध्ये १८९६ साली लाइट रेल्वेचा कायदा झाला. मोठ्या रेल्वेचा खर्च झेपणार नाही अशा शेतीच्या मुलखातही रूळ पोचावेत, हा त्यामागचा हेतू. रूळ वजनाला हलके, इंजिनाच्या भारावर आणि वेगावर मर्यादा. त्या बदल्यात सिग्नल, कुंपण, फाटके यांच्या अटी सैल. बांधकाम हलके, म्हणून खर्च कमी. गाडीच्या कामाला कुणी हलके म्हटले नव्हते. आपल्याकडचे बरेचसे अडीच फुटी (दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेले) मार्ग अशाच विचारातून आले.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत ‘लाइट रेल’ हा शब्द सरकारी पातळीवर रूढ झाला, तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तिकडच्या शहरांना ट्राम नव्या रूपात आणायची होती आणि तिचे तिकडचे ‘स्ट्रीटकार’ हे नाव जुनाट वाटत होते. इथे ‘लाइट’चा संबंध रुळांच्या वजनाशी नसून प्रवासी वाहून नेण्याच्या क्षमतेशी आहे : मेट्रोपेक्षा कमी, बसपेक्षा जास्त. लंडनमध्ये १९८७ साली डॉकलँड्सची गाडी सुरू झाली. तिच्या नावात जुन्या कायद्यातले ‘लाइट रेल्वे’ हे शब्द आहेत, पण धावते ती बिनड्रायव्हरची, महानगराच्या गर्दीसाठी. भारतात २०१९ मध्ये केंद्राने ‘मेट्रोलाइट’चे, म्हणजे कमी क्षमतेच्या स्वस्त मेट्रोचे, निकष काढले. नाशिकसाठी जी ‘निओ’ मेट्रो जाहीर झाली, ती तर रबरी टायरवर चालणारी. म्हणजे एकाच शब्दाच्या आसऱ्याला खेड्यातली कापसाची गाडी आणि महानगरातली विजेची गाडी अशा दोघी येऊन बसल्या. शहरात ‘लाइट’ म्हटले की आधुनिक, आणि आमच्याकडे म्हटले की टाकाऊ. हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

पीजेची जुनी हकिगत थोडक्यात सांगता येते. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा मार्ग १८६० च्या दशकातच खान्देशात आला होता. पाचोरा त्या मार्गावर, पण जामनेर, पहूर, शेंदुर्णी हा कापसाचा पट्टा बाजूलाच राहिला. तो जोडण्यासाठी १९१८-१९ च्या सुमारास ५६ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि शेवटी जामनेर. त्याचा दोष पहिल्या दिवसापासून एकच : पाचोऱ्याला माल उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. कापसाच्या गाठी दोनदा उचलायच्या म्हणजे हमाली दोनदा. ट्रक आले तेव्हा व्यापाऱ्यांनी हाच हिशेब केला आणि माल रस्त्यावर गेला.

माणसे मात्र गेली नाहीत. दुधाचे कॅन, शाळेची पोरे, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला निघालेल्या म्हाताऱ्या असे सगळे त्या डब्यात असायचे. एका फाटकावर मी स्वतः पाहिले आहे : गाडी अलीकडे थांबली, डब्यातून एक कर्मचारी उतरला, फाटक लावले, गाडी पलीकडे गेली, मग त्याने फाटक उघडले आणि चालत येऊन पुन्हा डब्यात चढला. कुणी घाई केली नाही. मोठ्या रेल्वेच्या मापाने हा वेळेचा अपव्यय ठरतो. पण १८९६ च्या त्या विचारात बसणारी ही रीत होती : रहदारी तुरळक, वेग कमी, मग प्रत्येक फाटकावर वेगळा माणूस कशाला?

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा पीजेही थांबली. इतर गाड्या हळूहळू सुटल्या. चाळीसगाव-धुळे हा खान्देशातलाच फाटा, १९०० सालचा आणि पहिल्यापासून रुंद. तिथे २०२२ च्या अखेरीस मेमू, म्हणजे विजेवरची लोकल गाडी, धावू लागली. पीजे सुटली नाही. मार्ग ब्रॉडगेज करायचा आणि जामनेरपुढे बोदवडपर्यंत न्यायचा, एकूण ८४ किलोमीटर, असे ठरले होते. मग जुनी गाडी पुन्हा कशाला, असा युक्तिवाद झाला.

ब्रॉडगेजला विरोध कुणाचाच नाही. बोदवडला मुख्य मार्ग मिळाला की पाचोऱ्याहून भुसावळ टाळून पुढे जाता येईल, माल न उतरवता जाईल, शंभर वर्षांचा दोष निघेल. वाद आहे तो मधल्या वर्षांचा. रुंद रूळ येईपर्यंत अरुंद गाडी चालू ठेवा, एवढीच लोकांची मागणी होती. त्यासाठी पाचोऱ्यात समिती झाली, निवेदने गेली, आंदोलने झाली. उत्तरात तोट्याचा ताळेबंद पुढे आला. भुसावळ-मुंबईसारख्या मार्गाच्या फुटपट्टीने पीजे मोजली तर ती तोट्यातच दिसणार. ती फुटपट्टी तिच्यासाठी नव्हतीच. एसटीला पर्याय म्हणून, गरिबाच्या खिशाच्या हिशेबाने तिच्याकडे पाहायला हवे होते.

वरखेडीत पूर्वी सकाळी घराघरांतून एकच प्रश्न ऐकू यायचा, ‘पीजे उनी का?’ (आली का?) आता त्या वेळेला लोक फाट्यावर काळी-पिवळीची वाट बघत उभे असतात, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही.